खारबंदरची होडी आणि जप्त नारळ

रत्नागिरी जिल्ह्यात गुप्तहेर म्हणावा असा माणूस एकच आहे, आणि मला स्वतःबद्दल बोलायला आवडत नसल्यामुळे त्याचं नाव मी पुढच्या वाक्यात सांगतो. दीपक पाष्टे. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत माझं ऑफिस आहे. बाहेर पाटी आहे, ‘पाष्टे सीसीटीव्ही, विक्री व दुरुस्ती’. ही निव्वळ दिशाभूल. खरा धंदा पाटीच्या तळाला बारीक अक्षरात लिहिलाय आणि तो वाचायला वाकावं लागतं. जो वाकतो तोच खरा अशील, असं माझं तत्त्व आहे. आजवर दोघं वाकले. त्यातल्या एकाच्या चपलेचा अंगठा तुटला होता.

माझी निरीक्षणशक्ती भयंकर आहे. माणसाच्या नुसत्या चालीवरून मी त्याचं गाव सांगतो. गाव चुकतं, पण सांगतो मी बेधडक. माझी बायको दर्शना, तिला माझ्या बुद्धीची पूर्ण कल्पना आहे, म्हणून बाजाराला ती स्वतः जाते. ती नाटे गावची, मच्छीमारांच्या घरातली. आम्ही पाष्टे वरच्या अंगाचे, शेतीवाले. पाणी आम्हाला भाताच्या बांधापर्यंत समजतं, त्याच्या पुढचं समजून घ्यायची आमच्या घराण्याला कधी गरज वाटली नाही. लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनी मला होडीत बसवून खाडीत एक फेरी मारून आणलं. का नेलं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि बघून काय वाटलं तेही सांगितलेलं नाही. अजून.

योगिनी मयेकर ऑफिसात आली तेव्हा मी एका कॅमेऱ्यातून मुंग्या काढत होतो. तिच्या हातात मोजपट्टी होती. मी वर न बघता म्हटलं, "तुम्ही शिंपी आहात."

"मी बागा आणि खेळाची मैदानं डिझाइन करते," ती म्हणाली.

"तेच. मापं घेणं आलं."

ती बसली. तिची हकीकत अशी. तिचे वडील खारबंदरचे. खारबंदर म्हणजे किनाऱ्यावरची मच्छीमारांची वाडी, आमच्याकडून स्कूटरने अर्धा तास. वाडीतल्या मुंबईकरांच्या मंडळाने पैसे जमवले आणि गावात मुलांसाठी बाग करायचं काम ठाण्यात वाढलेल्या या मुलीवर सोपवलं. तिचं म्हणणं, बाग मुलांची नसते, घराची असते. पोर घसरगुंडीवर आणि आई बाकावर मोबाइल बघत बसलेली, ही बाग नव्हे, ती वेटिंग रूम. म्हणून तिने अख्ख्या बागेचं बंदर केलं. सीसॉ म्हणजे खेकडा, नांग्यांवर माणसं बसतात. छोटं दीपगृह, त्याच्या पायऱ्या म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांचा विचार करून बुटक्या. झोपाळे मासळीच्या टोपल्यांसारखे गोल, एकात आजी आणि नात दोघी मावतील असे. बसायला जेटीसारखा लांब कट्टा. आणि मधोमध खरीखुरी वाटावी अशी होडी. आत सुकाणू, भोंगा, खोटी चूल, आणि मागच्या बाजूने खाली येणारी घसरगुंडी एवढी रुंद, की सासू, सून आणि नातू एका रांगेत घसरतील.

"सासू आणि सून एका रांगेत," मी म्हटलं. "इथेच गुन्ह्याची शक्यता आहे."

पण गुन्हा वेगळाच होता. उद्घाटन झालं, मंडळाच्या पाहुण्याने फाटकापाशी रिबीन कापली, तिथेच नारळ फोडला, पेढा खाल्ला आणि गाडीची वेळ झाली म्हणून गेला. तेव्हापासून रोज संध्याकाळी सगळी वाडी बागेत येते. बायका टोपल्यांत झोके घेतात. पुरुष खेकड्यावर डुलतात. होडीवर मात्र कोणी चढत नाही. पोरं धावतात, होडीपाशी जाऊन थबकतात, आया त्यांना मागे ओढतात. का, विचारलं तर म्हणतात, "चढतील गो, मोठी माणसं चढूंदेत आधी." आणि मोठी माणसं कट्ट्यावर बसून होडीकडे बघत राहतात.

"कोणीच नाही चढलं?"

"एक कुत्रं चढलं होतं. त्याला चौघांनी मिळून खाली काढलं."

आता मंडळाचे अध्यक्ष काशीरामकाका रविवारी मुंबईहून येणार होते. रिकाम्या होडीचे फोटो त्यांच्यापर्यंत पोचले होते. होडी वापरात नसेल तर ती कापायची आणि तिथे हिरवी लोखंडी व्यायामाची यंत्रं बसवायची असं त्यांनी ठरवलं होतं. कापणारा माणूस ते बरोबरच घेऊन येणार होते.

योगिनी मोजपट्टी उघडत होती आणि मिटत होती. मग म्हणाली, "लहानपणी मी सुट्टीत यायचे तेव्हा भागूआजी मला होडीच्या गोष्टी सांगायची. सुकाणू कुठे, चूल कुठे, सगळं. त्याच्यावरून मी ती होडी केली. आजी रोज येते, कट्ट्यावर बसते, बघते आणि घरी जाते. कापायच्या आधी एकदा तरी ती वर यावी, एवढंच मला हवंय."

मी केस घेतली. ती पाटी वाचायला वाकली नव्हती, पण अपवाद करता येतो.

पहिला सिद्धांत मी जागेवर न जाताच मांडला. रंग ओला असणार. त्याच दिवशी दुपारी जाऊन हात लावला तर रंग वाळलेला होता, म्हणजे रंग वाळवून पुरावा नष्ट करण्यात आला होता. दुसरा सिद्धांत, होडीला भूत लागलंय. मी विज्ञानवादी माणूस आहे, भूत मानत नाही, म्हणून त्याचा तपास मी भर उन्हात केला. भूत सापडलं नाही. घसरगुंडीचा पत्रा तापलेला असतो हे सापडलं, आणि ते मला पुढचे काही दिवस बसताना आठवत होतं.

तिसरा सिद्धांत मात्र पक्का होता. या सगळ्यामागे व्यायामवाले आहेत.

संध्याकाळी मी वेषांतर करून गेलो. पर्यटकाचा वेष. हाफ पँट, गवती टोपी, काळा चष्मा, आणि गोव्याला जायचं ठरलेलं तेव्हा दर्शनाने आणलेला अननसांचा शर्ट. गोवा राहिलं, शर्ट राहिला. फाटकातून आत शिरताच कट्ट्यावरून आवाज आला, "काय पाष्टेशेठ, आज हाफ पँटीत? कॅमेरा बसवायचाय काय?" वेष उत्तम जमला होता, फक्त ते लोक हुशार होते.

मी होडीभोवती फेरी मारली. मालकाचं नाव लिहायच्या जागी मोठ्या अक्षरात ‘समस्त ग्रामस्थ, खारबंदर’ असं होतं. आणि होडीच्या अगदी पुढच्या टोकावर, जिथे काहीच असायचं कारण नाही, तिथे एक नारळ ठेवला होता. सोललेला, शेंडीचा.

मी तो उचलला. आणि त्या क्षणी बागेतला आवाज थांबला. खेकडा थांबला, टोपल्या थांबल्या. कट्ट्यावर दोन म्हातारे दोन टोकांना बसले होते. एक दाजी आणि एक भागोजी. दोघंही अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून आले होते. संध्याकाळी बागेत बसायला इस्त्री कोण करतं? ज्याला तिथून थेट पळून जायचंय तोच. दाजीने टोपी सरळ केली. भागोजी खाकरला आणि अर्धा उठला. मी हे सगळं टिपलं, नारळ पिशवीत टाकला आणि निघालो. माझ्या मागे सबंध वाडीने एकदम श्वास सोडला. त्याचा अर्थ एकच होता. नारळ त्यांच्या वर्मी लागला होता.

दुसऱ्या दिवशी त्याच जागी दुसरा नारळ. मी त्याच वेषात तोही जप्त केला. पुन्हा टोपी, पुन्हा खाकरणं, पुन्हा श्वास. तिसऱ्या दिवशी तिसरा. एव्हाना माझ्यापुढे चित्र स्वच्छ झालं होतं. ही नारळ टोळी होती. नारळाची शेंडी ज्या दिशेला, त्या दिशेला इशारा. एकदा शेंडी समुद्राकडे होती, एकदा भागोजीकडे. नारळ तपासणीसाठी मी प्रयोगशाळेत, म्हणजे घरी दर्शनाकडे, देत होतो. पहिल्या नारळाचा अहवाल, पाणी गोड. दुसऱ्याचा, खोबरं जाड. तिसऱ्याच्या वेळी प्रयोगशाळेने विचारलं, "हे रोज नारळ कुठून आणताय तुम्ही?" मी म्हटलं, तपास चालू असताना बोलता येत नाही. ती म्हणाली, मग सोलकढी खाताना पण बोलू नका.

मी जबान्या घ्यायला सुरुवात केली.

दाजीला विचारलं, होडीत काय दोष आहे? तो म्हणाला, दोष कसला, होडी बेस हाय. मग चढत का नाही? "मी आधी कशाला चढू? भागोजी हाय की."

भागोजीला विचारलं. होडी त्यालाही बेसच होती. "पण मी आधी कशाला? दाजी बसलाय ना तिथे."

दोघंही एकमेकांकडे बोट दाखवत होते. दोन साथीदार फुटले की असंच करतात. चौकशीत कळलं, दोघंही आयुष्यभर होड्या घेऊन समुद्रात गेलेले. म्हणजे पळून जायची साधनं आणि सराव, दोन्ही.

शेवटी भागूबाई. योगिनीची आजी, खरं म्हणजे तिच्या वडिलांची आत्या. लुगडं, कपाळावर गोंदण, आणि सगळ्या जन्मात मासळीची टोपली डोक्यावर वाहून सरळ राहिलेली मान. ती माझी वाटच बघत असल्यासारखी बसली होती.

"नारळ तू घेतलास ना?" तिने विचारलं.

"घेतला."

"मग कोणाला देतोस ते बोल एकदाचा. माझ्या परड्यातले माड काय कायम धरणार हायत?"

मी तिला शांतपणे समजावलं, की जप्त केलेला पुरावा कोणालाही देता येत नाही, कायदा आहे. तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. सासरे खाडीतून परत आल्यावर बघत होते तसं. मग कोणालाच न उद्देशून म्हणाली, "मंडळान ह्याला धाडलाय तरी कशाला?" आणि उठून गेली. मंडळाचं नाव तिच्या तोंडून आलं. म्हणजे व्यायामवाल्यांचे धागे थेट तिच्यापर्यंत होते. योगिनीला हे कसं सांगायचं, याचं मला वाईट वाटलं.

शनिवार उजाडला. योगिनीचा फोन आला. कापणारा माणूस काशीरामकाकांनी पक्का केला होता. ती रडत नव्हती. ती मला होडीच्या फळ्या पुढे कशाला वापरता येतील ते सांगत होती, आणि ते जास्त वाईट होतं.

मी हुकमी पान काढलं. बागेसमोरच्या विजेच्या खांबावर मी आदल्या दिवशी गुपचूप कॅमेरा बसवला होता. गुपचूप म्हणजे, शिडी भागोजीने धरली होती. त्याचं चित्रण घेऊन मी घरी आलो आणि टीव्हीवर लावलं. दर्शना खाली विळीवर तिसरा पुरावा खवत बसली होती.

खाऱ्या हवेने काच धुरकटली होती, पण चित्र दिसत होतं. संध्याकाळ. वाडी जमते. भागूबाई पदराखालून नारळ काढते, होडीच्या टोकावर ठेवते आणि दाजीकडे बघते. दाजी भागोजीकडे बघतो. भागोजी समुद्राकडे बघतो. समुद्राकडे बघायला पुढे कोणी नसल्यामुळे तिथे सगळं थांबतं. आणि मग पाठमोरा एक इसम चित्रात शिरतो.

मी चित्र थांबवलं. "सापडला," मी म्हटलं. "नीट बघ. उजवा खांदा खाली पडलेला, म्हणजे कष्टाची सवय नाही. चाल भित्री. कपड्यांची आवड शून्य. बुद्धीही बेताचीच असावी, टोपी उलटी घातलीय. बघ, नारळ उचलून चोरासारखा निघाला."

दर्शना खवायची थांबली होती.

"आता गंमत बघ," मी म्हटलं. "त्याच संध्याकाळी नारळ मीही उचलला. म्हणजे नारळ दोन होते. केस दिसते त्याहून खोल आहे."

"तो शर्ट मी आणलेला आहे," दर्शना म्हणाली.

"तुझ्या दुकानदाराची चौकशी करावी लागेल."

"ते तुम्ही आहात."

मी चित्र पुन्हा पुढेमागे केलं. काही बाबतींत साम्य होतं खरं.

दर्शनाने रिमोट घेतला आणि तेवढा तुकडा पुन्हा बघितला. भागूबाई, दाजी, भागोजी, समुद्र. मग विळीवरच्या नारळाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग तिने हात पदराला पुसले आणि विचारलं, "त्या होडीचा तांडेल कोण?"

मी म्हटलं, तांडेल म्हणजे काय?

"होडीचा कॅप्टन. आमच्या नाट्यात नवी होडी आली की मालक नारळ ज्याच्या हातात देतो तो तांडेल. पहिला पाय त्याचा. तो चढला की मग बाकीचे. आधी कोणी चढत नाही, पोरंसुद्धा. ह्या होडीचा मालक कोण?"

"समस्त ग्रामस्थ."

"मग नारळ देणार कोण, आणि घेणार कोण? सगळेच मालक. दाजी आपणहून चढला तर भागोजी म्हणणार, स्वतःच तांडेल झाला. भागोजी चढला तर दाजीच्या घरातली भागोजीच्या नातवाच्या लग्नाला जायची नाहीत. म्हणून बिचारे रोज अंघोळ करून, इस्त्री करून बसतात. आणि ती म्हातारी रोज पदरचा नारळ ठेवते, की कोणीतरी बाहेरचा येईल, उचलेल आणि दोघांतल्या एकाला देईल."

"बाहेरचा आला होता," मी म्हटलं.

"हो. तो नारळ उचलून घरी घेऊन आला. आणि मी त्याची चटणी केली."

थोडा वेळ आम्ही दोघंही तिसऱ्या पुराव्याकडे बघत होतो.

"हे मी तिसऱ्या सिद्धांताच्या वेळीच जवळजवळ ओळखलं होतं," मी म्हटलं. दर्शनाने विळी पुन्हा पुढे ओढली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायका काही गोष्टी ऐकू येत नाहीत असं दाखवायला शिकतात.

रविवारी आम्ही आमच्या परड्यातला नारळ घेऊन गेलो. काशीरामकाका पांढऱ्या पँटीत फाटकापाशी उभे होते. बाजूला कापणारा माणूस यंत्राची वायर सोडत होता. वाडी सगळी जमली होती. दाजी आणि भागोजी, इस्त्री. योगिनी होडीला टेकून उभी होती, जशी माणसं स्टेशनवर कोणाला सोडायला आल्यावर उभी राहतात.

दर्शनाने सरळ जाऊन नारळ तिच्या हातात दिला. "होडी तू बांधलीस. मालकाच्या खालोखाल तुझाच मान. ज्याला तांडेल करायचंय त्याच्या हातात दे."

योगिनीला काही कळलं नाही. पण वाडीला कळलं. दाजीची टोपी सरळ झाली. भागोजी खाकरला. योगिनी एकदा इकडे, एकदा तिकडे बघायला लागली. कट्ट्यावर भागूबाईचा जीव खालीवर झाला. पोरगी भलत्याला देईल आणि वाडीत कायमची फूट पडेल, म्हणून ती लगबगीने उठून पुढे आली आणि दाजीकडे हात करून म्हणाली, "योगू, त्या तिकडे..."

तिचा हात पुढे आला होता. योगिनीने त्या हातात नारळ ठेवला.

मुद्दाम ठेवला की चुकून, हे मी नंतर तिला तपासाचा भाग म्हणून विचारलं. ती म्हणाली, हात समोर आला, दिला.

एकदा दिलेला नारळ परत घेत नाहीत, एवढं एव्हाना मलाही समजलं होतं. भागूबाई नारळाकडे विस्तव हातात आल्यासारखी बघत होती. "मी कशी? बाईमाणूस होडीवर चढत नाय. मी जन्मात नाय चढले."

आता बोलायचं ते दोघांनीच. दाजी मातीत पायाने रेघ ओढत होता. शेवटी म्हणाला, "पाण्यातली असती तर गोष्ट वेगळी. ही जमिनीवरची हाय. आणि भागोजी तांडेल होण्यापरीस बरं."

"दाजी होण्यापरीस शंभरदा बरं," भागोजी म्हणाला.

त्या दोघांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालेलं वाडीने पहिल्यांदाच बघितलं, असं मला नंतर चौघांनी वेगवेगळं सांगितलं.

भागूबाईने नारळ टोकावर ठेवला, होडीला हात लावून तो कपाळाला लावला, लुगडं आवरलं आणि वर चढली. ती आत फिरली. सुकाणूला हात लावला. भोंगा वाजवून बघितला आणि स्वतःच दचकली. मग वाकून खाली म्हणाली, "योगू, चूल ह्या बाजूला नसते गो."

"तूच सांगितली होतीस ना तिथे," योगिनी म्हणाली.

"मला काय ठाऊक? मी किनाऱ्यावर टोपली घेऊन बसायची. हे लोक उतरताना जे बोलायचे ते तुला सांगितलं."

चूल कुठे असते ते बघायला दाजी वर गेला. तो म्हणाला, चूल बरोबर आहे. म्हणून भागोजी वर गेला, आणि म्हणाला, साफ चूक आहे. कोणाचं खरं ते ठरवायला मग सगळी वाडी चढली. पोरं कधी चढली ते कोणी बघितलंच नाही. घसरगुंडीवरून एक सासू आणि एक सून एकाच रांगेत खाली आल्या आणि काही न बोलता पुन्हा वर गेल्या. कापणाऱ्या माणसाने यंत्र झाडाखाली ठेवलं आणि रांगेत उभा राहिला. काशीरामकाका बूट घालून चढायला लागले तेव्हा वरून आवाज आला, "पायातलं खाली. आणि रांगेत." थोड्या वेळाने ते घसरून लाल मातीने माखलेल्या पँटीत खाली बसले होते आणि, यंत्रं दुसरीकडे कुठे बसतात का बघू, असं कोणाला तरी फोनवर सांगत होते.

एवढी मोठी केस सुटल्यावर मीही होडीपाशी गेलो. पाय उचलला. तांडेल समोर आली.

"माझे नारळ कुठे हायत?"

"तपासात खर्ची पडले," मी म्हटलं.

"सोलकढी चांगली झालेली," मागून दर्शना म्हणाली.

भागूबाईने विचार केला. "तुझं काम काय?"

"गुप्तहेर."

"होडीवर तसलं काम नसतं. नवा खलाशी भांडी घासतो." सगळ्या वाडीचा चहा कट्ट्यावर झाला होता. कपांचा ढीग नळाशी पडला होता.

मी बाह्या वर केल्या. अननसांच्या. कप विसळताना वर बघितलं तर होडीच्या पुढच्या टोकावर तो नारळ तसाच होता, शेंडी समुद्राकडे. आजूबाजूला कोणाचं लक्ष नव्हतं. सवयीने माझा ओला हात तिकडे गेला. सुकाणूपाशी योगिनीला शेजारी घेऊन बसलेल्या भागूबाईने नुसती मान वळवली.

मी हात मागे घेतला. माझ्या कारकिर्दीत जागेवर सोडलेला तो पहिला पुरावा. मग मी उरलेले कप घासायला घेतले.